घारच तर आहे!

तेहतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मला एकच मेमो मिळाला, आणि तो एका घारीमुळे मिळाला. लोक मेमो कपाटात दडवून ठेवतात. मी सदर बाजारात नेऊन त्याला काचेची फ्रेम करून घेतली. फ्रेमवाल्याने विचारलं, "दीदी, कोई सम्मान-पत्र है क्या?" मी म्हटलं, "वही समझो." आता तो आमच्या बैठकीत टीव्हीच्या वर आहे. पाहुणे आधी पदवी समजून कौतुकाने वाचायला जातात आणि मग घाईघाईने चहा संपवतात.

मेमो हिंदीत आहे. मराठीत त्याचा अर्थ असा की, श्रीमती अमुक, ड्रेसर, यांनी वरिष्ठांच्या परवानगीशिवाय वन्य पक्ष्यांची पिसं कार्यालयात बाळगली आणि आपल्या पदात न बसणारं काम केलं. दोन्ही आरोप खरे आहेत. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन, हेही इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना मी पश्चात्ताप करायला बसले आहे असा कुणाचा समज व्हायला नको.

मी रायपूरच्या एका सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे जखम धुणारा, पट्टी बांधणारा, सुई भरून देणारा आणि मुख्य म्हणजे जनावर धरणारा. तपासतो डॉक्टर आणि लाथ खातो ड्रेसर, एवढं ध्यानात ठेवलं की आमचं खातं कळलं. वडील रेल्वेत होते. भंडाऱ्याकडून बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि दवाखान्यात छत्तीसगढी, असं माझं आयुष्य गेलं. माझ्या मुलीला मराठीत विचारलं तर ती हिंदीत उत्तर देते. हा लेख ती वाचणार नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते आहे.

गाई, म्हशी, बकऱ्या, कुत्री हे रोजचं. पक्षी कधीमधी यायचे: पतंगाच्या मांज्यात कापलेले, विजेच्या तारेला लागलेले, भनपुरीला ट्रकच्या काचेवर आपटलेले. पोपट-कबुतर असेल तर डॉक्टर बघायचे. वाकड्या चोचीचं काही आलं की हाक यायची, "दीदी को दे दो." कारण काय, तर नोकरीला लागले त्या वर्षी टेबलावरून सुटलेल्या एका घारीवर मी अंगातलं स्वेटर काढून टाकलं होतं आणि बाकी सगळे दाराबाहेर पळाले होते. तेवढ्या एका स्वेटरवर मी तेहतीस वर्षं पक्षीतज्ज्ञ म्हणून वावरले.

लोक शिकारी पक्ष्याची चोच बघून घाबरतात. ते चुकतं. पाय बघायचे. चोच जेवायची, पाय मारायचे. ससाण्याचं तेवढं वेगळं. त्याच्या वरच्या चोचीला दातासारखी एक खाच असते, तिने तो मानेचं हाड तोडतो. बाकीचे बहुतेक पायांनी मारतात. शिक्रा कबुतराएवढा, पण पाय काडीसारखे लांब आणि मधलं बोट बाकीच्या बोटांहून लांब. चिमणी असो की सरडा, एकदा बोटांत आला की तो दाबत राहतो. माझ्या अंगठ्यावर त्याची दोन भोकं अजून आहेत. सर्पगरुडाचे पाय जाड, खवल्यांचे, बोटं आखूड. साप चावला तरी दात आत जाऊ नयेत असे. घुबडाला चार बोटं, त्यातलं एक पुढे-मागे फिरतं, म्हणून उंदराला सुटायला फट मिळत नाही. कापशी नावाची पांढरी छोटी घार शेतावर एका जागी पंख मारत हवेत थांबते. तिचे डोळे लालभडक, पण पाय बिचारीचे नाजूक. आणि आपली रोजची घार, जिला इथे चील म्हणतात, तिचे पाय तिच्या आकाराला शोभत नाहीत इतके कमजोर. तिला कुणाला मारायचंच नसतं. पडलेलं उचलायचं, उडता उडता खायचं, आणि दुभंगलेली शेपटी सुकाणूसारखी फिरवत बाजारातून निघून जायचं. म्हणून तिला कुणी मान देत नाही. "घारच तर आहे" हे वाक्य मी नोकरीत जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा माझं नावही ऐकलं नसेल.

हे पायांचं शहाणपण मला एका पक्ष्याने मरून शिकवलं. एकदा गरुडाएवढा तपकिरी पक्षी आला. वाकडी चोच, पिवळे डोळे. मी म्हटलं गरुड, आणि मटण घातलं. तो खाईना. मी तोंड उघडून भरवलं, त्याने बाहेर काढलं. असं चार दिवस चाललं आणि पाचव्या दिवशी तो मेला. आमचे सफाई कर्मचारी फिरतू भैया त्याला उचलायला आले. ते धमतरीकडच्या गावचे, वयाने माझ्याएवढेच. त्यांनी त्याचे पाय उलटून पाहिले. नखं चपटी, सरळसर, कोंबडीसारखी उकरायची. मग चेहरा पाहिला. डोळ्यांभोवतीची पिसं खवल्यांसारखी बारीक, माशी चावू नये अशी.

"ए तो मंदरस खवइया ए, दीदी," ते म्हणाले. म्हणजे मध खाणारा. मधुबाज. तो मधमाश्यांची पोळी फोडून आतल्या अळ्या खातो.

"मग चार दिवस काहून नाही सांगितलं, भैया?"

"कोनो पूछिस कहाँ?"

खरंच होतं. पिंजरा रोज तेच धूत होते आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. तो पक्षी माझ्या हाताने उपाशी मेला, मटणाची वाटी समोर असताना. त्यानंतर फिरतू भैयांना दाखवल्याशिवाय मी एकाही पक्ष्याला घास घातला नाही.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. दिवाळीच्या आधी घुबडांची गिऱ्हाइकं येतात हे किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. एका वर्षी एक गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन आले. इस्त्रीचा सफारी, कपाळाला गंध, बोलणं अगदी मऊ. आमच्याकडे तेव्हा पंख मोडलेलं गव्हाणी घुबड होतं, बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या तोंडाचं. त्यांना त्याचं फक्त एक नख हवं होतं, गल्ल्यात ठेवायला. "एक ही तो, दीदी. उसके पास आठ हैं." मी कात्री आणली आणि म्हटलं, "लाइए, पहले आपका काटती हूँ. आपके पास तो बीस हैं." ते मिठाई तिथेच टाकून गेले. मिठाई मात्र चांगली होती.

हे सांगायचं कारण असं की, पिसं-नखं बाळगू नयेत हा नियम उगाच झालेला नाही. असल्या लोकांसाठीच तो आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण नियम पाळून काय होतं, त्याचाही एक हिशेब माझ्या छातीवर आहे.

माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोर मेलं की तासाभरात गिधाडं उतरायची. गिधाडाचे पाय सपाट, त्याला काही पकडताच येत नाही. छेडलं तर अंगावर ओकतं, एवढंच त्याचं हत्यार. मी नोकरीला लागले तेव्हा म्हाताऱ्या, दुखणाईत गाईबैलांना वेदनाशामक इंजेक्शन द्यायचो. डॉक्टर लिहायचे, मी सुई भरायची. शंभरदा भरली असेल, हजारदा भरली असेल. नंतर कळलं की ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं तर गिधाडाची किडनी जाते. पुढे जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर आकाश रिकामं झालं होतं. मला कुणी मेमो दिला नाही. देणार कसा? प्रत्येक सुई वरिष्ठांच्या परवानगीने भरलेली होती. मला त्याचं वाईट वाटतं, आजही वाटतं, आणि कागदावर सही आहे म्हणजे काम बरोबर आहे, यावरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला.

आता पिसांच्या डब्याकडे येते.

पीस म्हणजे आपल्या नखासारखं. मुळाशी जिवंत, पुढे मेलेलं. तुटलं, जळलं तर ते दुखत नाही, पण पक्षी उडू शकत नाही. जुनं पीस आपोआप गळलं की नवं येतं, पण त्याला ठरलेला मोसम लागतो, सगळा उन्हाळा-पावसाळा जातो. तोवर पिंजऱ्यात ठेवलं तर तळपायाला गाठी येतात, उरलेली शेपटी जाळीला घासून तुटते आणि पक्षी झुरतो. काही जण म्हणतात, जळकं पीस उपटून टाका, लगेच नवं येईल. असा शहाणपणा करू नका. मूळ दुखावलं तर तिथे कधीच धड पीस येत नाही.

यावरचा उपाय मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवला नाही. बुधराम बबा नावाचे एक म्हातारे बकरी घेऊन दवाखान्यात यायचे. त्यांच्या आज्याने एका जमीनदाराकडे शिकारीचे बाज पक्षी सांभाळले होते. मी शेपटी तुटलेल्या शिक्र्याकडे बघत हताश बसले होते, तर ते हसले. म्हणाले, एवढंच ना? मग त्यांनी जमिनीवरचं कावळ्याचं पीस उचललं, मधोमध कापलं, बांबूची काडी चाकूने तीन कडांची तासली, पिसाच्या पोकळ दांडीत अर्धी इकडे अर्धी तिकडे खोचली आणि पीस पुन्हा एक करून माझ्या हातात दिलं. त्यांच्या वेळी डिंक वापरत, आम्ही दोन ट्यूबवाला चिकट गोंद वापरला. आंब्याचं कलम करतात, तसंच पिसाचं कलम. अट एकच: पीस त्याच जातीचं, त्याच बाजूचं, त्याच नंबरचं पाहिजे, म्हणजे पंखातलं चौथं गेलं तर चौथंच. उजव्याचं डाव्याला चालत नाही, कारण बाक उलटा असतो.

म्हणजे पिसांचा साठा हवा. म्हणून मी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेतला. दवाखान्यात मेलेल्या पक्ष्यांची पिसं जुन्या ओपीडी चिठ्ठ्यांच्या पाकिटात घालून त्यात ठेवायला लागले. पाकिटावर लिहायचं: घार, उजवा, पाच. शिक्रा, शेपूट, दोन. नियम सांगतो की मेलेल्या पक्ष्यासोबत त्याची पिसंही जाळायची. मी पक्षी जाळत होते, पिसं जाळत नव्हते. डबा औषधांच्या कपाटाच्या मागे असायचा आणि तो फक्त फिरतू भैयांना माहीत होता.

निवृत्तीला चार महिने राहिले असताना, फेब्रुवारीत, बीरगांवच्या पोलाद कारखान्यातला धनेश्वर नावाचा एक क्रेनचालक मोटरसायकलवर सिमेंटची गोणी घेऊन आला. गोणीत घार होती. खोलीभर जळक्या केसांचा वास सुटला.

"दीदी, भट्ठी के ऊपर से निकल रही थी, एकदम से लौ उठी, और ये शेड पे आके गिरी," तो म्हणाला. "छह साल से मेरी केबिन के सामने बैठती है. मेरे टिफिन का टाइम मुझसे ज्यादा इसको मालूम है."

मी पाहिलं. हाडं शाबूत, डोळे शाबूत, कातडीला धग नाही. नुसती पिसं गेली होती. उजव्या पंखाची सात, डाव्याची पाच, शेपटीची चार. एकूण सोळा काळ्या काड्या. ती टेबलावर उभी राहिली आणि माझ्याकडे मान वाकडी करून बघू लागली. भूक लागली होती. मासा दिला तर उभ्या उभ्या खाल्ला.

आमचे मोठे साहेब नवीन आले होते. माणूस वाईट नव्हता. टेबल स्वच्छ, फायली वेळेवर, कुणाकडून चहासुद्धा घेत नव्हते. त्यांनी घार पाहिली आणि विचारलं, "उड़ेगी?"

"आत्ता नाही, साहेब. पण मी..."

"चिड़ियाघर चील नहीं लेता. हमारे पास साल भर रखने की जगह नहीं है. तड़पाने से अच्छा सुला दो. मैं वन विभाग को परमिशन के लिए लिख देता हूँ." मग जाता जाता म्हणाले, "चील ही तो है, दीदी."

त्यांच्या हिशेबाने ती दयाच होती. पण उडायला फक्त पिसं कमी असलेल्या धडधाकट जिवाला सुई द्यायची, आणि ती मी भरून द्यायची, हे मला मान्य नव्हतं. मी साहेबांना पिसाच्या कलमाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "ये कहाँ लिखा है?" मी म्हटलं, बुधराम बबांनी दाखवलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. एवढंच म्हणाले, "आप ड्रेसर हैं. ड्रेसिंग कीजिए."

फाईल वन खात्याकडे गेली. ती परत येईपर्यंत घारीचं आयुष्य होतं. सरकारी फाईल हळू चालते याचा जन्मात पहिल्यांदा मला आनंद झाला.

घरी सांगितलं तर आमचे हे उखडले. "चार महिने राहिले रिटायरमेंटले. काहून त्या घारीपायी साहेबासंग पंगा घेऊन राहिली तू?"

"मी पंगा नाही घेऊन राहिली. तिचे पंख जोडून राहिली."

"पेन्शन अडकली मंग?"

"अडकली त अडकली. त्या औषधाच्या सुया भरल्या तवा कोणी अडवलं मले? तवा अडवाले पायजे होतं."

पेन्शनचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्यांना तो गिधाडांचा विषय ठाऊक आहे.

दुपारी दवाखाना रिकामा असतो तेव्हा आम्ही काम करायचो. फिरतू भैया घार धरायचे. नातीच्या मोज्याचा पुढचा भाग कापून मी तिच्या तोंडावर टोपी चढवायची. अंधार झाला की शिकारी पक्षी शांत बसतो. मग एकेक जळकं पीस पोकळ दांडीत कापायचं, डब्यातलं त्याच नंबरचं पीस मापाने कापायचं, काडी तासायची, लावून बघायचं, पुन्हा तासायची. शेजारच्या पिसाला गोंद लागू नये म्हणून मध्ये जुन्या एक्स-रे फिल्मचा तुकडा सरकवायचा. पीस किंचित जरी फिरलं तरी पक्षी हवेत एका बाजूला ओढला जातो. पहिल्या दुपारी पाच जोडली. दुसऱ्या दुपारी सहा. तिसऱ्या दुपारी चार, आणि मग डब्यात हवं ते पीस सापडेना. घार, उजवा, चार: या पाकिटात काहीच नव्हतं.

फिरतू भैया उठले आणि त्यांच्या झाडूच्या खोलीतून एक पीस घेऊन आले. आमच्या आवाराला लागून मोबाईलचा टॉवर आहे, त्यावर घारी बसतात. गेल्या पावसाळ्यात त्याच्या खाली झाडताना सापडलेलं पीस त्यांनी कान कोरायला ठेवलं होतं. उंदराने त्याची एक कड कुरतडली होती, पण उजव्याचंच होतं आणि चौथंच होतं. मी लावलं. सोळा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परवानगी आली. नेमकी तीच फाईल वेळेवर आली. साहेबांनी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं, अकरा वाजता करून टाका.

साडेदहाला मी खोका घेऊन आवारात आले. साहेब व्हरांड्यात होते. "ये क्या है?"

"साहेब, फाईलीत तुम्ही लिहिलं आहे की ही उडू शकत नाही. नाही उडाली तर सुई मी स्वतः भरून देते, डॉक्टरसाहेबांना त्रास नको. उडाली तर फाईल चुकीची." हे मी हिंदीत म्हटलं, पण आवाज मराठीच होता. मग मी खोका उघडला.

घार बाहेर आली आणि उभी राहिली. उडेना. चार पावलं चालली. पंख अर्धे उघडले, मिटले. डॉक्टर बाहेर आले, पेशंट घेऊन आलेले दोघे-तिघे जमले. मी मनात एकेक पीस मोजत होते, कोणतं फिरलं असेल, कोणतं सैल असेल. साहेबांनी घड्याळ पाहिलं. 

मग एक कावळा आला. कावळ्यांना बसलेली घार दिसली की राहवत नाही. त्याने मागून येऊन तिची शेपटी ओढली, माझी नवी जोडलेली शेपटी! मी ओरडले. आणि घार वळली, पंख मारले, एकदा जमिनीला घासली, आणि उठली. कडुनिंबाच्या फांदीवर टेकली. तिथूनही कावळ्याने हुसकावलं, तर टॉवरवर गेली. टॉवरवरून निघाली ती गोल घेत घेत वर. शेपटी डावीकडे फिरली, उजवीकडे फिरली. एकही पीस पडलं नाही.

"उड़ गे, दीदी!" फिरतू भैया लहान मुलासारखे नाचले.

साहेबही वर बघत होते. मग त्यांनी खाली बघितलं आणि विचारलं, "पंख कहाँ से आए?"

घार उडाली नसती तर हा प्रश्न आलाच नसता. मी खोटं बोलू शकले असते. मी कपाटामागून डबा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पाकिटं वाचली. शिक्रा, घुबड, सर्पगरुड, बहिरी ससाणा. त्यांचा चेहरा उतरला. "दीदी, आपको मालूम है ये क्या है? लोग इसी के लिए जेल जाते हैं."

"ते विकतात, साहेब. मी परत लावते."

"कानून ये नहीं पूछता."

तिसऱ्या दिवशी मेमो हातात पडला आणि पंचनामा झाला. दवाखान्यामागे खड्ड्यात चौदा वर्षांची पिसं जाळली. साक्षीदार म्हणून फिरतू भैयांचा अंगठा घेतला. घार आली त्या दिवशी खोलीत होता तोच वास आवारभर पसरला. मी विचारलं, "पुढची घार आली तर कशाने जोडू?" साहेब म्हणाले, "अगली चील आपको नहीं जोड़नी है." आणि वर हेही म्हणाले की, गोंदाने चिकटवलेली पिसं उन्हात सुटतील, आठ दिवसांत ती कुत्र्याच्या तोंडात जाईल, तेव्हा मी तिला सोडवलं की आणखी हाल करून मारलं, याचा विचार करावा.

मेमो लागला नाही तितकं हे लागलं. कारण ते खरं असू शकत होतं. मी उरलेले चार महिने येता-जाता नाल्यात, उकिरड्यावर, तारांखाली बघत होते. मे महिन्यात रायपूरचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. गोंदाची ट्यूब तर उन्हात पाघळायची. धनेश्वरला फोन केला, तर म्हणाला, "एक बैठती तो है केबिन के सामने, दीदी. वही है कि दूसरी, कसम नहीं खा सकता." घारी सगळ्या सारख्याच दिसतात. जूनमध्ये मला नारळ-शाल दिली, साहेब दोन चांगले शब्द बोलले, पेन्शनही सुरू झाली. पण ती घार जगली की मेली, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, फिरतू भैया घरी आले. हातात वर्तमानपत्राची सुरळी होती. ती त्यांनी टेबलावर उलगडली.

"दीदी, येला देख तो. टावर के खाल्हे परे रिहिस."

टॉवरच्या खाली पडलेलं घारीचं पीस होतं. उजव्या पंखाचं, चौथं. एक कड उंदराने कुरतडलेली. मी दांडी उजेडासमोर धरली. आत माझ्या चाकूने तासलेली बांबूची काडी दिसत होती, आणि सांध्यावर गोंदाची पिवळी रेघ, जराही न सुटलेली. मग मी मूळ पाहिलं. मूळ अख्खं होतं, कोरडं, टोकाशी गोल. ओढून निघालेलं नाही, मोडलेलं नाही. खालून नवं पीस वर आलं की जुनं असं आपणहून गळतं. म्हणजे आमचं पीस लावून ती सगळा उन्हाळा उडाली, अर्धा पावसाळा उडाली, आणि आता तिचं स्वतःचं पीस आलं होतं, म्हणून तिने आमचं परत केलं होतं.

"ए तो मोर कान कोरे वाला पाँख आय," फिरतू भैया म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. मीही लपवलं नाही.

कायद्याने विचाराल तर हेही पीस वन्य पक्ष्याचं आहे आणि बाळगता येत नाही. मी ते मेमोच्या फ्रेममध्ये, काचेच्या कडेला, जिथे "पदात न बसणारं काम" असं लिहिलं आहे त्याच ओळीशी खोचून ठेवलं आहे. ज्यांना पंचनामा करायचा असेल त्यांनी खुशाल यावं, घरी चहा मिळेल. पीस मिळणार नाही.